गुंगीकारक द्रव्यप्रयोग व अन्न-औषध भेसळ प्रतिबंध (गोवा)

एखाद्याच्या पेयात नकळत गुंगीचे द्रव्य मिसळणे, तसेच अन्नात वा औषधात भेसळ करणे, यांविरुद्ध गोव्यात लागू असलेले कायदे.

गोव्यातील अशा प्रयोगाचा एक जुना उल्लेख गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या संवादग्रंथात सापडतो. धोतरा खाऊ घालून दागिने लुबाडल्याची हकीकत सांगताना तो रुग्णाचे असंबद्ध हसणे आणि पोट रिकामे करण्याचे उपचार नोंदवतो. १५८० नंतर गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन बायका नवऱ्यांना धोतरा देतात असे लिहितो. त्यात ऐकीव भाग बराच असावा. उपचार करणाऱ्या वैद्याची साक्ष अधिक ग्राह्य वाटते.

पोर्तुगीज अमदानीत १८८६ ची दंडसंहिता होती. मुक्तीनंतर १९६२ च्या नियमनाने भारतीय दंडसंहिता गोव्याला लागू झाली. विष किंवा गुंगीचे द्रव्य देण्याच्या गुन्ह्यावरील तिच्या कलम ३२८ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ आले. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. प्रत्यक्ष इजा व्हावीच लागते असे नाही; इजेचा किंवा अन्य गुन्हा सुकर करण्याचा हेतू पुरतो. द्रव्य पोटात गेलेच नाही, तर मात्र प्रयत्नाचे कलम ६२ पाहावे लागते. खरी अडचण पुराव्याची असते. जीएचबीसारखे (पेयात मिसळले जाणारे एक गुंगीचे रसायन) द्रव्य लघवीतूनही साधारण बारा तासांत नाहीसे होते, म्हणून नमुने घेण्यास तक्रारीच्या सोपस्कारांसाठी थांबणे पीडितावर अन्याय करणारे ठरते. हणजूण येथे २००८ मध्ये मृत्यू पावलेल्या ब्रिटिश मुलीच्या खटल्यात, ज्यात अमली द्रव्य दिल्याचाही आरोप होता, बाल न्यायालयाने २०१६ मध्ये निर्दोष सोडलेल्या दोघांपैकी एकाला उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली.

अन्नभेसळीला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. हा अधिनियम आणि दंडसंहितेची कलमे २७२-२७३ एकत्र लावता येतात का, हा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अधिनियमातील शिक्षेच्या कलम ५९ ला वरचढ ठरवले. औषधांसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम असून २००८ च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा कडक झाल्या.

अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय करते. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारातील तपासणीत फॉर्मेलिन (मृतदेह टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन) आढळल्याचे सांगितले गेले, नंतर प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा झाला. लोकांचे समाधान न झाल्याने सरकारने परराज्यांतील मासळीची आवक काही काळ बंद केली.