तीस सेकंदांचं गाणं खरंच 'फ्री' असतं का?

"तीस सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं व्हिडिओत वापरा, कॉपीराइट लागत नाही." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कुठे आकडा सातचा असतो, कुठे पंधराचा. शंका यायला तेवढं पुरे.

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा नेटवर वाचायला मिळतो. त्यातलं कलम ५२ काढा. खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा सवलती तिथे आहेत, पण सेकंदांचं माप कुठेच नाही. पाहिलं जातं ते वापराचं कारण, आणि गाण्यातला कोणता भाग घेतला तेही. आणि पॉप गाण्याची सगळी जान बहुधा हुकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येऊन डोक्यात बसणाऱ्या तुकड्यात असते. दहा सेकंदांत तीच उचलली, तर 'थोडंसंच घेतलं' कसं म्हणणार?

शिवाय एका गाण्यात हक्क तीन : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. स्वतःच लिहून, चाल लावून, स्वखर्चाने रेकॉर्ड करणाऱ्या गायिकेकडे तिन्ही असू शकतात. कंपनीशी करार झाला की मात्र ते वाटले जातात, म्हणून गायिकेने "वापर रे" म्हटलं तरी भागेलच असं नाही.

ॲपमधल्या म्युझिक लायब्ररीतली गाणी चालतात, ती ॲपने परवाना घेतलेला असतो म्हणून. तोही बऱ्याचदा जाहिरातीला लागू नसतो. दुकानाची रील टाकण्याआधी अटी वाचाव्यात.