संकटकाळातील स्थानिक व्यवसाय आणि लोकसंस्था

संकटकाळातील स्थानिक व्यवसाय आणि लोकसंस्था : मंदी, युद्ध, दुष्काळ, भूकंप, साथ किंवा परिसरातील मोठ्या उद्योगाचे अचानक बंद पडणे अशा आघातांनंतर लहान धंदे, सहकारी संस्था, पतसंस्था, परस्पर साहाय्य मंडळे आणि स्वयंसेवी संघटना आपला कारभार बदलून तग धरतात आणि काही वेळा पूर्वीपेक्षा विस्तारतात, ती प्रक्रिया. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि आपत्ती व्यवस्थापन या तिन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो. आघात सोसूनही मूळ कार्य टिकवून धरण्याची क्षमता ही कल्पना या अभ्यासात मुख्यतः परिसंस्थाशास्त्रातून आली. सी. एस. हॉलिंग यांनी 1973 मध्ये ती नैसर्गिक परिसंस्थांच्या संदर्भात मांडली आणि पुढे ती शहरे, उद्योग व संघटना यांनाही लावली जाऊ लागली. मात्र ही कल्पना जशीच्या तशी उचलल्यास एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. व्यवसायावर किंवा संस्थेवर आलेले नुकसान कोणाच्या तरी वाट्याला जातेच : मालकाच्या, कामगाराच्या, सावकाराच्या, पुरवठादाराच्या, सभासदाच्या किंवा करदात्याच्या. ही वाटणी कोण ठरवतो आणि ती आधी ठरलेली असते की ऐनवेळी लादली जाते, यावर संस्थेचे पुढचे भवितव्य बव्हंशी अवलंबून राहते.

लहान व्यवसाय बहुधा तोट्याने बुडण्याआधी रोकड संपल्याने बुडतो. विक्री थांबली तरी जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते, पगार आणि वीजबिल थांबत नाही. गिऱ्हाइकांकडची उधारी वसूल होत नाही आणि त्याच वेळी पुरवठादार मात्र रोख मागू लागतो. हिशेबाच्या वहीत नफा दिसत असतानाही खेळते भांडवल आटल्यामुळे दुकानाला टाळे लागू शकते. लहान धंद्यांत घरखर्च आणि धंद्याचा पैसा यांच्यातील सीमारेषाही पुसट असते. यामुळे घरातली बचत आणि कुटुंबीयांचे बिनपगारी श्रम संकटात कामी येतात, हे खरे. परंतु धंदा बुडाला की घरही त्याबरोबर कर्जात जाते. अशा वेळी मालाचा साठा कमी करणे, विक्रीची पद्धत बदलणे, नवे उत्पादन घेणे, कामाचे तास वाटून घेणे, भाड्याबाबत जागामालकाशी नव्याने बोलणी करणे हे उपाय सर्वत्र आढळतात. ते आवश्यक असले तरी एकेकट्या व्यवसायाच्या आवाक्यातले आहेत, म्हणून त्यांची मर्यादाही लवकर येते. इतिहासात खरी वाढ झालेली दिसते ती अनेक दुबळ्या घटकांनी आपली पत, बचत किंवा मागणी एकत्र केली तिथे.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावातले आहे. यंत्रमागांमुळे हातमाग विणकरांचे उत्पन्न घसरले होते आणि मजुरीवाढीसाठी झालेला संप फसला होता. अशा स्थितीत 21 डिसेंबर 1844 रोजी टोड लेनवरील एका गोदामात, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून जमवलेल्या 28 पौंडांच्या भांडवलावर, तेथील कामगारांनी दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या अशा मोजक्या जिनसा तिथे विकल्या जात. त्याच गावात 1830 च्या दशकात निघालेले सहकारी दुकान उधारीमुळे बुडाले होते. नव्या संस्थेने त्यातून घेतलेला धडा कठोर होता : विक्री केवळ रोखीने. हातावर पोट असलेल्या सभासदांना उधार नाकारणे हे वरवर पाहता संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटते, परंतु त्यामुळेच दुकानाचे खेळते भांडवल अडकून पडले नाही आणि सभासदही उधारीच्या चक्रातून बाहेर आले. दुसरा नियम त्याहून दूरगामी ठरला. नफ्यातून भांडवलावर मर्यादित व्याज देऊन उरलेला भाग खरेदीच्या प्रमाणात सभासदांना लाभांश म्हणून मिळे आणि तो संस्थेतच ठेवण्याची मुभा असे. परिणामी ज्याच्याकडे बचत करण्याइतके उत्पन्नच नव्हते, त्याच्या नावावरही रोजच्या खरेदीतून हळूहळू भागभांडवल जमा होत गेले.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. 1849 मध्ये रॉचडेलची बचत बँक अफरातफरीमुळे बुडाली, तेव्हा ठेवीदारांचा ओढा या दुकानाकडे वळला आणि त्याची सभासदसंख्या वाढली. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची आवक तुटली आणि लँकेशरमधील गिरण्या थंडावल्या. त्या दिवसांत कामगारांना सहकारी दुकानांत साठलेल्या आपल्या रकमेचा आधार मिळाला. विशेष म्हणजे उत्तर इंग्लंडमधील दुकानांनी घाऊक खरेदीसाठी आपली मध्यवर्ती सहकारी संस्था उभारली ती याच टंचाईच्या मध्यावर, 1863 मध्ये. टंचाईमुळे सहकार जन्माला आला, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. वीस वर्षांची शिस्त आणि परस्परांची ओळख आधीपासून नसती, तर त्या वर्षांत नवी संस्था काढण्याचे बळ कोणाकडेच उरले नसते.

जर्मनीत फ्रीडरिख व्हिल्हेल्म रायफायझन यांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. 1846-47 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ते वायरबुश येथे नगरप्रमुख होते. रोख पैसे नसलेल्यांनाही धान्य व पाव मिळावा म्हणून त्यांनी गावातील सधन लोकांच्या मदतीने एक मंडळ स्थापन केले. पुढे हेडेसडॉर्फ येथेही त्यांनी अशाच धर्तीचे मदत मंडळ चालवले. परंतु संकट ओसरले की देणगीदारांचा उत्साहही ओसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. 1864 मध्ये त्या मंडळाचे रूपांतर त्यांनी सभासदांच्या कर्ज संस्थेत केले. कर्ज घेणारा स्वतः सभासद असेल, संस्थेच्या देण्याची जबाबदारी सर्व सभासदांवर अमर्याद राहील, कार्यक्षेत्र लहान राहील आणि राखीव निधी सभासदांत वाटता येणार नाही, ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होती. अमर्याद जबाबदारीची अट आज भीतिदायक वाटते. मात्र तारण नसलेल्या शेतकऱ्यांकडे बाहेरच्या ठेवीदाराला दाखवण्यासारखी तीच एक हमी होती, आणि शेजाऱ्याचे कर्ज आपल्या अंगावर येऊ शकते म्हणून त्याच्या व्यवहाराकडे प्रत्येकाचे लक्षही राही. दानावर चालणाऱ्या संस्थेने लाभार्थ्यांना सभासद करून घ्यावे, हा रायफायझन यांच्या अनुभवाचा गाभा आहे. पुढील काळात जगभर झालेल्या ग्रामीण पतपुरवठा चळवळींवर त्यांच्या पद्धतीचा प्रभाव पडला. कॅनडातील क्वेबेकमध्ये आल्फोन्स देजार्दँ यांनी 1900 मध्ये लेव्ही येथे स्थापन केलेली पतपेढी युरोपातील अशाच प्रयोगांच्या अभ्यासातून साकारली.

रोकडच दुर्मीळ झाली असता व्यवसायांनी परस्परांच्या पतीवर व्यवहार चालवण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला. महामंदीच्या काळात, 1934 मध्ये, तेथे वीर (WIR) नावाची सहकारी संस्था स्थापन झाली. तिच्या सभासद व्यवसायांना फ्रँकच्या मूल्याशी जोडलेल्या संस्थांतर्गत चलनात एकमेकांकडून माल व सेवा घेता येतात. एकाच्या खात्यात नावे पडलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा होते आणि ती संस्थेच्या वर्तुळातच फिरत राहते. मंदीत जन्मलेल्या अशा बहुतेक पर्यायी चलनांचे आयुष्य अल्प ठरले, ही संस्था मात्र बँक म्हणून आजही कार्यरत आहे. राष्ट्रीय अर्थव्यवस्था मंदावली की या चलनातील उलाढाल वाढते, असे तिच्या दीर्घकालीन आकडेवारीच्या अभ्यासातून पुढे आले आहे. बँका कर्ज आखडत असताना ते वाढवणारी यंत्रणा आधीपासून अस्तित्वात असणे लहान व्यवसायांसाठी किती मोलाचे आहे, हे यातून कळते.

उत्पादन क्षेत्रात स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन समूहाचा दाखला महत्त्वाचा आहे. यादवी युद्धाने होरपळलेल्या मोंद्रागोन या गावात होसे मारिया अरिस्मेन्दिअर्रिएता हे धर्मोपदेशक 1941 मध्ये आले आणि 1943 मध्ये त्यांनी तंत्रशाळा सुरू केली. पहिला सहकारी कारखाना उलगोर निघाला तो 1956 मध्ये, म्हणजे माणसे घडवण्यात तब्बल 13 वर्षे गेल्यानंतर. 1959 मध्ये समूहाची स्वतःची सहकारी बँक निघाली. सहकारी कारखान्यांतील सभासदांना स्पेनचा कायदा स्वयंरोजगारित मानत असल्याने त्यांना कामगारांची सर्वसाधारण सामाजिक सुरक्षा मिळत नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी समूहाने स्वतःची विमा व निवृत्तिवेतन व्यवस्था उभी केली. 1980 च्या दशकातील औद्योगिक मंदीत तिचे खरे मोल प्रत्ययास आले. सभासदांनी सभांमध्ये मतदान करून वेतनकपात स्वीकारली, अतिरिक्त भांडवल घातले आणि काम कमी झालेल्या कारखान्यांतील माणसे समूहातील इतर कारखान्यांत पाठवली गेली. 2013 मध्ये मात्र उलगोरचा वारसा सांगणारा फागोर हा घरगुती उपकरणांचा कारखाना, इतर संस्थांनी आणखी पैसा ओतण्यास नकार दिल्यावर, दिवाळखोरीत गेला. बास्क प्रांतातील बहुतेक सभासदांची अन्यत्र सोय लावण्यात किंवा त्यांना लवकर निवृत्ती देण्यात आली. फ्रान्स आणि पोलंडमधील उपकंपन्यांच्या कामगारांना मात्र सभासदत्व नसल्याने ते कवच मिळाले नाही. परस्परांचा भार उचलण्याला एक सीमा असते आणि ती सभासदांच्या यादीपाशी संपते, ही या अन्यथा प्रेरक इतिहासातील बोचरी बाजू आहे. तिचा उल्लेख टाळून या समूहाचे गुणगान करणे न्याय्य नाही.

नफ्यासाठी न चालणाऱ्या लोकसंस्थांची वाढ निराळ्या रीतीने होते. संकटकाळात त्यांच्यावरील मागणी वाढते आणि त्याच वेळी वर्गणी घटते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ॲब्सलम जोन्स व रिचर्ड ॲलन या कृष्णवर्णीय धुरीणांनी 1787 मध्ये फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. सभासदांच्या नियमित वर्गणीतून आजारी, विधवा व अनाथ यांना मदत देणे हे तिचे काम होते. 1793 मध्ये शहरात पीतज्वराची साथ पसरली आणि कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही अशा चुकीच्या समजुतीतून शुश्रूषेसाठी त्यांना आवाहन करण्यात आले. संस्थेच्या लोकांनी रुग्णसेवा केली, मृतांना मूठमाती दिली आणि त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः त्या तापाला बळी पडले. वर त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले, ज्यांना जोन्स व ॲलन यांनी 1794 मध्ये छापील उत्तर दिले. त्याच वर्षी या दोघांच्या नेतृत्वाखाली शहरात दोन स्वतंत्र कृष्णवर्णीय चर्चे उघडली आणि ती पुढील पिढ्यांच्या सार्वजनिक जीवनाची केंद्रे बनली.

जपानमधील कोबे शहर व परिसरात 17 जानेवारी 1995 रोजी झालेल्या भूकंपात 6,400 हून अधिक माणसे मरण पावली. नागाता प्रभागात ठिकठिकाणी आगी लागल्या, परंतु तेथील मानो वस्तीतील रहिवाशांनी हातोहात बादल्या देत पाणी मारले, जवळच्या कारखान्याचे अग्निशमन पथक मदतीला आले आणि आग पसरण्यापासून रोखली गेली. ही वस्ती 1960 च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध संघटित झालेली होती, आणि त्या चळवळीतून तयार झालेली मंडळे पुढे वृद्धांची काळजी आणि वस्ती नियोजन ही कामे करत होती. भूकंपाच्या दिवशी धावून आलेली संघटना म्हणजे तीस वर्षांच्या सभा, वादावादी आणि लहानसहान कामे यांचे फलित होते. याउलट त्याच प्रभागात पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारतींतील अनेक दुकानगाळे दीर्घकाळ रिकामे राहिले. गाळा नवा मिळाला तरी विखुरलेले जुने गिऱ्हाईक परत आले नाही, तर दुकानदाराच्या हाती केवळ देखभालीचा खर्च उरतो.

सामूहिक परतीचे महत्त्व न्यू ऑर्लिन्समध्येही दिसले. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर शहराच्या पूर्व भागातील व्हिएतनामी वस्तीचे लोक आपल्या चर्चच्या माध्यमातून तुलनेने लवकर आणि एकत्रितपणे परतले. एकटे दुकान उघडणे निरर्थक असते आणि दुकाने नसलेल्या वस्तीत राहायला जाणे अवघड असते. चर्चने दोन्ही बाजूंच्या लोकांना एकाच वेळी परत आणून ही कोंडी फोडली. 2006 मध्ये तेथे वस्ती विकास संस्था स्थापन झाली आणि परिसरात ढिगारा टाकण्याच्या जागेला विरोध करण्यातूनही हा समाज संघटित झाला.

भारतात इला भट्ट यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या सेवा या असंघटित स्त्री कामगारांच्या संघटनेने 1974 मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. त्यासाठी सुमारे 4,000 स्त्रियांनी प्रत्येकी 10 रुपये भागभांडवल दिले. कर्जफेड थकण्यामागे बहुतेक वेळा आजारपण, बाळंतपण किंवा घरातला मृत्यू असतो, हे व्यवहारातून स्पष्ट झाल्यामुळे संघटनेने आरोग्य, बालसंगोपन आणि 1992 पासून एकत्रित विमा योजना अशी अंगे जोडली. येथे प्रत्येक विस्तारामागे सभासदाच्या आयुष्यातील एक नेमकी अडचण आहे.

विस्तार हे नेहमीच सामर्थ्याचे लक्षण नसते. ऑस्ट्रियातील कोन्झुम ही प्रचंड सभासदसंख्येची ग्राहक सहकारी संस्था 1995 मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमधील को-ऑपरेटिव्ह बँकेने 2009 मध्ये एका गृहकर्ज संस्थेशी विलीनीकरण केले आणि 2013 मध्ये तिच्या भांडवलात सुमारे दीड अब्ज पौंडांची तूट उघड झाली. सभासदांची संख्या वाढली, पण हिशेब तपासण्याची त्यांची शक्ती आणि इच्छा वाढली नाही, तर लोकशाही रचना केवळ कागदावर उरते आणि वाईट बातमी सभासदांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते.

राज्यसंस्थेची मदत कोणत्या वाटेने येते, याचाही निर्णायक परिणाम होतो. अमेरिकेने 2020 च्या साथीत लहान व्यवसायांच्या पगारखर्चासाठी माफ होऊ शकणारी कर्जे बँकांमार्फत दिली. परिणामी ज्यांचे बँकेशी आधीच संबंध होते त्यांना ती लवकर मिळाली आणि ज्यांचे नव्हते असे अगदी छोटे धंदे पहिल्या फेरीत मागे पडले. इटलीत 1985 च्या मार्कोरा कायद्याने वेगळा मार्ग खुला केला. बंद पडणाऱ्या कारखान्याचे कामगार सहकारी संस्था स्थापून तो चालवायला घेऊ शकतात, त्यासाठी बेकारी भत्त्याची रक्कम एकदम भांडवल म्हणून वापरता येते आणि सार्वजनिक निधीतून त्यांना भांडवली साहाय्यही मिळते. अर्जेंटिनात 2001 च्या आर्थिक कोसळणीनंतर मालकांनी सोडून दिलेले अनेक कारखाने कामगारांनी ताब्यात घेऊन चालवले. नेउकेन येथील सिरॅमिक फरशांचा कारखाना त्यांत विशेष गाजला. कित्येक वर्षे हे कामगार न्यायालयीन लढाया आणि हुसकावणीच्या धास्तीखाली काम करत होते. 2011 मध्ये तेथील दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि थकलेले पगार व नुकसानभरपाई यांचे येणे कारखान्याच्या किमतीत वळते करून तो विकत घेण्याचा हक्क कामगारांच्या सहकारी संस्थांना मिळाला.