धुके की धबधबा? पावसाळी सहल ठरवण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

जून संपत आला की आमच्याकडे चौकशी सुरू होते आणि जळगाव, भुसावळ, धुळे येथील बहुतेक ग्राहकांची मागणी एकच असते, ती म्हणजे दोन दिवस शहरापासून दूर, धुक्यात नेऊन आणा. मात्र धुक्याची सहल आणि धबधब्याची सहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच ग्राहक अनेकदा नाराज होऊन परततात, म्हणून हे माहितीपत्रक.

डोंगरावरचे धुके म्हणजे प्रत्यक्षात जमिनीला टेकलेला ढग होय. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे तापीच्या खोऱ्यातून आत शिरतात आणि सातपुड्याच्या उतारावर चढू लागतात. वर जाताना हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. ढोबळमानाने दर १००० मीटर उंचीमागे तापमान सहा अंशांनी उतरते. जळगाव शहर समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास आहे, तर तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास. त्यामुळे जुलैत पावसाने ओढ दिली आणि खाली घामाने सदरा भिजत असला, तरी वर स्वेटर लागतो. साहजिकच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठिकाणी कितीही पाऊस पडला, तरी तेथे धुक्यात बुडून जाण्याचा अनुभव क्वचितच मिळतो.

धुकेच हवे असेल, तर आमची पहिली शिफारस तोरणमाळची असते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात असलेले हे पठार शहाद्याहून ५० ते ५५ किलोमीटरवर आहे. म्हसावद, राणीपूर सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरतो आणि सात पायरी घाटाची वळणे सुरू होतात. निरभ्र दिवशी या वळणांवरून खालचे टप्पे एकाखाली एक दिसतात, धुक्याच्या दिवशी पुढची गाडीसुद्धा दिसत नाही. वर यशवंत तलाव, कमळ तलाव, गोरखनाथांचे मंदिर आणि सीताखाई ही पाहण्याची ठिकाणे आहेत. सीताखाईविषयी मात्र आधीच स्पष्ट सांगणे बरे. एका कुटुंबाने पाऊण तास कठड्यापाशी उभे राहून केवळ पांढरा पडदा पाहिला आणि आमच्याकडे तक्रार केली की, दरी दाखवलीच नाही. तक्रार रास्त होती, कारण ते एका दिवसात जाऊन येण्यासाठी निघाले होते आणि आम्हीही त्यांना थांबवले नव्हते. धुके कधी दहा मिनिटांसाठी फाटते, कधी दुपारपर्यंत हलत नाही. म्हणून तोरणमाळची एकदिवसीय सहल आम्ही आता घेत नाही. एक रात्र मुक्काम केल्यास संध्याकाळ आणि पहाट अशा दोन संधी मिळतात. पहाटेची वेळ अधिक चांगली, विशेषतः रात्री पाऊस पडून थांबला असेल तर.

धबधबा आणि वाहते पाणी पाहायचे असेल, तर इतके दूर जाण्याचे कारण नाही. चाळीसगावपासून १८ किलोमीटरच्या सुमारास असलेली पाटणादेवी गौताळा अभयारण्याच्या हद्दीत आहे; तेथे धवलतीर्थ आणि केदारकुंड पावसाळ्यात भरात असतात, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्याशी संबंधित शिलालेखामुळे गणितप्रेमी पालक मुलांना आवर्जून आणतात. यावल तालुक्यातील मनुदेवी आणि रावेर तालुक्यातील पाल हीदेखील आम्हाला आवडणारी ठिकाणे. एक सावधगिरी येथे अत्यावश्यक आहे. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात कोसळलेला पाऊस नाल्याला काही मिनिटांत पूर आणू शकतो. पाणी गढूळ झाले किंवा त्यातून काड्या-पाला वाहत येऊ लागला, की सामान आवरण्यात वेळ न घालवता काठावर यावे.

चाळीसगावहून कन्नड घाट चढून धुके गाठता येते, असे अनेक जण सुचवतात. येते, परंतु हा राष्ट्रीय महामार्ग आहे, फिरण्याची जागा नव्हे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. फोटोसाठी तेथे गाडी थांबवण्याची विनंती आमचा चालक मान्य करणार नाही.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी शहाद्यातच इंधन भरून घ्यावे, घाटात दिव्यांचा झोत खाली ठेवावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. वरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोटच उपयोगी पडतो. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबून राहू नये. शहाद्यात शेवभाजीवर ताव मारून लगेच वळणांचा रस्ता धरणाऱ्यांचे पुढे काय होते, ते आमच्या गाडीच्या आसनांना ठाऊक आहे. कळण्याची भाकरी आणि ठेचा मुक्कामी पोहोचल्यावर खाल्लेला बरा. वाटेतील पाड्यांवर हे दिवस निंदणीचे असतात. शेतात काम करणाऱ्या भिल्ल आणि पावरा स्त्रियांचे फोटो न विचारता काढू नयेत.

जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टअखेर हा धुक्याचा सर्वात भरवशाचा काळ. सप्टेंबरात हिरवळ टिकते, दऱ्या मोकळ्या दिसू लागतात, आणि वृद्धांना घेऊन जायचे असल्यास आम्ही सप्टेंबरच सुचवतो. शक्य असल्यास मंगळवार ते गुरुवार निवडावा. हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा दिला असल्यास आम्ही सहल पुढे ढकलतो. भरलेली रक्कम ग्राहकाच्या पसंतीनुसार पुढील तारखेस वळती केली जाते किंवा परत दिली जाते. नोंदणी करताना सोबत कोणाला दमा, गुडघेदुखी किंवा घाटात गाडी लागण्याचा त्रास असल्यास तो अवश्य कळवावा, म्हणजे खोल्या आणि आसने त्यानुसार राखून ठेवता येतील.