श्रेणी ५ ची इमारत आणि श्रेणी ५ ची लाइट

बेटावरची वीज सहकारी संस्था ‘श्रेणी ५ च्या (म्हणजे सर्वांत तीव्र) हरिकेन वादळाला टिकेल’ असं कार्यालय आणि गोदाम बांधायला घेते, तेव्हा सभासदांना वाटतं, आता वादळात लाइट जाणार नाही. पुढे वादळ येतं, अंधार होतो आणि तेच सभासद विचारतात, एवढा पैसा ओतला तो कशासाठी? दोन्ही वेळा गल्लत एकच आहे. वादळात टिकणारी इमारत वेगळी आणि वादळात टिकणारा वीजपुरवठा वेगळा. इमारत बांधायची ती लाइट गेल्यानंतरच्या सकाळसाठी.

फ्लोरिडा कीजचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला समुद्रात लांबवर गेलेली ही बेटांची माळ. बेटांना जोडणारा महामार्ग एकच आणि त्यावर ४२ पूल. जमीन इतकी सखल की बहुतेक ठिकाणी समुद्रापासून उंची एक-दोन मीटरच. वरच्या (म्हणजे मुख्य भूमीकडच्या) आणि मधल्या बेटांना वीज देते ती १९४० साली स्थापन झालेली फ्लोरिडा कीज इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह. मुख्य कार्यालय टॅव्हर्नियरला, ग्राहक तीस हजारांहून अधिक. बेटांवर येणारी बहुतेक वीज मुख्य भूमीवरून उच्चदाब वाहिनीने येते आणि या वाहिनीचे काही खांब चक्क समुद्रात पाया घेऊन उभे आहेत.

आधी इमारत. श्रेणी ५ म्हणजे ताशी २५२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाचा वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग २० टक्के वाढला की दाब सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. पण छप्पर उडतं ते बरेचदा एका फुटलेल्या खिडकीमुळे. वारा आत शिरतो, छताला खालून रेटतो आणि त्याच वेळी वरून वाहणारा वारा ते वर ओढत असतो. म्हणून फ्लोरिडात अशा खिडक्यांची परीक्षा घेताना साधारण चार किलोची लाकडी फळी सेकंदाला १५ मीटर वेगाने त्यांच्यावर मारतात. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडाची घरं उघडी पाडली, तेव्हापासून तिथले बांधकामाचे नियम कडक झाले.

एक गोष्ट इथे हमखास सुटते. श्रेणी फक्त वाऱ्याची असते, पाण्याची नसते. समुद्राच्या उधाणाचा अंदाज २०१० पासून या मोजपट्टीतून काढून टाकला आहे. त्यामुळे भिंती कितीही भक्कम असोत, नियंत्रण कक्ष, बॅटऱ्या आणि जनरेटर तळमजल्यावर असतील तर खारं पाणी ते सगळं निकामी करतं. १० सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ कडजो की बेटावर श्रेणी ४ मध्ये धडकलं, या संस्थेच्या हद्दीच्या थोडंसंच पलीकडे. खालच्या, म्हणजे माळेच्या टोकाकडच्या बेटांवर पाणी दीड ते अडीच मीटरपर्यंत चढलं होतं. ‘श्रेणी ५ ला टिकते’ असं ऐकलं की मी तरी आधी विचारेन, जमिनीपासून किती उंचावर?

आता वीजपुरवठा. इमारत एका जागी असते, तार मैलोन्‌मैल पसरलेली. काँक्रीटचा खांब वाऱ्याला टिकेलही, पण शेजारचं झाड, उडून आलेला पत्रा, सुटलेली बोट यांचं काय करणार? मीठ तर वादळ नसतानाही तारा खांबापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर साचतं. ओलावा मिळाला की त्यावरून वीज झिरपते आणि ठिणग्या पडतात. तारा जमिनीखाली घ्या, असं सगळेच सुचवतात. इथे जमीन म्हणजे प्रवाळाचा चुनखडक आणि थोडं खणलं की खारं पाणी. तिथल्या केबलचा दोष शोधायला आणि दुरुस्त करायला लटकलेली तार ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. शिवाय वारा ताशी ५५-६० किलोमीटरच्या पुढे गेला की बकेट ट्रकमध्ये (माणसाला तारेपर्यंत उचलणाऱ्या पाळण्याच्या गाडीत) माणूस चढवत नाहीत. म्हणजे ऐन वादळात दुरुस्ती होतच नाही. मोठ्या वादळात अशा बेटावर लाइट जाईल, हे धरूनच चालावं लागतं.

मग इमारतीवर खर्च का? कारण वादळ शमलं तरी पुलांची तपासणी होईपर्यंत बाहेरची मदत आत येऊ शकत नाही. इतर राज्यांतल्या सहकारी संस्था आपली माणसं पाठवतात, पण ती पोहोचेपर्यंत काम सुरू करायचं ते बेटावरच्याच लाइनमननी. त्यांना झोपायला कोरडी जागा हवी, ट्रक शाबूत हवेत, ट्रान्सफॉर्मर, तारा, क्लॅम्प गोदामात सुके हवेत आणि कुठला फीडर (उपकेंद्रातून वस्तीकडे जाणारी वाहिनी) बंद आहे हे दाखवणारा नियंत्रण कक्ष चालू हवा. ही इमारत पडली तर चार दिवसांचं काम चार आठवड्यांवर जातं. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी काही आठवडे अंधारात काढले.

हवाईतल्या काउआई बेटाची अडचण आणखी मोठी. तिथे दुसऱ्या बेटाकडून वीज आणणारी तारच नाही. ११ सप्टेंबर १९९२ च्या इनिकी वादळानंतर काही भागांत लाइट यायला महिने लागले. तेव्हा तिथली वीज कंपनी खासगी होती. २००२ मध्ये सभासदांनी ती विकत घेऊन सहकारी केली. अशा ठिकाणी वीजनिर्मिती केंद्रही शाबूत राहिलं पाहिजे, नाहीतर जोडलेल्या तारांत सोडायला वीजच नसते.

वीज परत आणताना क्रम ठरलेला असतो: आधी मुख्य वाहिनी आणि उपकेंद्रं, मग रुग्णालय आणि पाण्याचे पंप (कीजचं पिण्याचं पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून नळाने येतं), मग मोठी वस्ती, शेवटी एकेकटी घरं. त्यातही एक बाब तिथल्या सभासदांना ऐनवेळी कळते. घराच्या भिंतीवरची मीटरपेटी आणि छतावरून तार आत आणणारा पाइप साधारणपणे घरमालकाच्या जबाबदारीत येतो. तो उखडला असेल तर संस्थेचा माणूस दारात तार घेऊन उभा असला तरी जोडणी देऊ शकत नाही. आधी इलेक्ट्रिशियन शोधून ती दुरुस्ती करून घ्यावी लागते.