पावणेसत्तावीस की अठ्ठावीस?

डिचोलीतल्या एका गॅरेजमागे फणसाखाली एक गिअरबॉक्स पडून होता. भंगारवाल्याने ‘जीपचा आहे’ एवढंच सांगितलेलं. तीन गिअर, लोखंडी केसिंग, त्यावर चार पावसाळ्यांचा गंज. म्हणजे दोन शक्यता: युद्धकाळातल्या विलीज एमबी जीपचा टी-८४, नाहीतर तिच्या मागून आलेल्या, नागरी वापराच्या सीजे जीपचा टी-९०. जाणत्याला केसिंगवरूनही कळतं म्हणतात. आम्ही जाणते नव्हतो.

मेकॅनिक म्हणाला, “उघडायची घाई नको, आधी मोजून बघूया.”

त्याने दोन्ही शाफ्टवर खडूने रेघ ओढली. क्लच प्लेट ज्यावर बसते तो पुढचा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि मागचा शाफ्ट किती फिरतो ते बघायचं. मागच्याच्या एका फेऱ्याला पुढचे जितके फेरे लागतात, ते त्या गिअरचं गुणोत्तर. तिसऱ्या गिअरला दोन्ही बरोबरीने फिरले. त्यातून ओळख पटत नाही, टॉप गिअर दोघांचाही थेटच. दुसराही कुचकामी: १.५६४ आणि १.५५१ यांतला फरक खडूच्या रेघेला कुठून कळणार? खरी फारकत पहिल्यात आहे. टी-८४चा २.६६५, टी-९०चा २.७९८.

म्हणून मागच्या शाफ्टचा एक नव्हे, दहा फेरे पुरे होईपर्यंत पुढचा फिरवायचा. नजरेची चूक पाव फेऱ्याची धरली तरी दहाने भागल्यावर ती नगण्य होते. पुढचा शाफ्ट पावणेसत्तावीसच्या जरा अलीकडे थांबला तर टी-८४, अठ्ठावीसला टेकला तर टी-९०.

जुन्या, झिजलेल्या गिअरबॉक्सवर हा हिशेब चालतो, कारण गुणोत्तर ठरतं दात्यांच्या संख्येवरून. पुढच्या शाफ्टचा गिअर ले शाफ्टला, म्हणजे मधल्या शाफ्टला फिरवतो, ले शाफ्ट मेन शाफ्टला, म्हणजे मागच्याला. दोन्ही जोड्यांच्या अपूर्णांकांचा गुणाकार म्हणजे गुणोत्तर. दाते झिजतील, खडखडतील, पण अठ्ठावीसाचे सत्तावीस होणार नाहीत.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र फसगत होते. तिथे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, त्याच केसिंगमध्ये असतं. एक बाजू धरून ठेवली की दुसरी दुप्पट फिरते, आणि मोजलेलं गुणोत्तर निम्मं येतं. शिवाय त्यात फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीची शेवटची गिअरजोडीही मिसळलेली असते, तिचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

आमची रेघ अठ्ठावीसाव्या फेऱ्याला केसभर कमी पडली. मेकॅनिकने केसिंगवर खडूने ‘टी-९०’ लिहिलं आणि पावसाने पुसू नये म्हणून वर पत्र्याचा तुकडा ठेवला.