ताण स्प्रिंग आणि ड्रॉबार स्प्रिंग

ओढली की लांबणारी आणि सोडली की पुन्हा मिटणारी, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेली सर्पिल स्प्रिंग म्हणजे ताण स्प्रिंग. तिच्या दोन्ही टोकांना तारेचेच आकडे किंवा कड्या असतात. मोटारसायकलचे साइड स्टँड वर धरून ठेवणारी, ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक शू मागे खेचणारी, ॲक्सिलरेटरचे पेडल जागेवर आणणारी स्प्रिंग याच जातीची. ड्रॉबार स्प्रिंगही ओढण्याचेच काम करते, पण तिच्या आत बसवलेली स्प्रिंग प्रत्यक्षात दाबली जाते. कामावर असताना दोघी सारख्याच भासतात. फरक कळतो तो त्यांपैकी एखादी तुटते तेव्हा.

ताण स्प्रिंग गुंडाळतानाच तार किंचित उलट पिळून वेढे एकमेकांवर दाबले जातात. या दाबाला आरंभताण म्हणतात. बाहेरचा ओढा आरंभताणापेक्षा कमी असेल तर वेढे उघडतच नाहीत. स्टँडची स्प्रिंग खड्ड्यातून जाताना खुळखुळत नाही, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. गुंडाळल्यावर तारेतला अंतर्गत ताण घालवण्यासाठी स्प्रिंग भट्टीत तापवतात. त्यात आरंभताणाचा काही भाग जातो, म्हणून कारागीर तो आधीच थोडा जास्त ठेवतो. लाल तापवून गुंडाळलेल्या जाड स्प्रिंगांमध्ये मात्र आरंभताण टिकत नाही.

वेढे उघडू लागले की पुढचे वर्तन हूकच्या नियमाप्रमाणे होते: जितका ओढा, तितकी लांबी. रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवला आणि १६७८ मध्ये उघड केला. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा ४ मिमी पोलादी तार, वेढ्याचा सरासरी व्यास २८ मिमी आणि २० वेढे आहेत. अशी स्प्रिंग दर मिलिमीटरला सुमारे ५.८ न्यूटन मागते. आरंभताण ४० न्यूटन धरला, तर २० मिमी ओढायला साधारण १५५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १६ किलोंचा भार लागेल. बाकी मापे तीच ठेवून तार ५ मिमी घेतली की ताठरपणा २.४ पटींहून अधिक होतो. दुकानात ‘जराशी जाड’ स्प्रिंग मागताना हे ध्यानात ठेवावे.

या स्प्रिंगचा कच्चा दुवा म्हणजे तिचा आकडा. मधल्या वेढ्यांतल्या तारेला मुख्यतः पीळ सोसावा लागतो. आकड्यात मात्र वाकही पडतो, आणि शेवटच्या वेढ्यातून तार वर उचलली जाते त्या वळशात हे सगळे एकवटते. वळसा जितका तीव्र, तितका ताण जास्त. तिथेच पक्कडीचा चरा पडलेला असेल, तर पुढे बहुधा तिथूनच तडा जातो. वेढे चिकटलेले असल्याने जस्ताचा मुलामा आतपर्यंत पोचत नाही आणि फटीत गंज धरतो. छर्ऱ्यांचा मारा करून तारेचा पृष्ठभाग मजबूत करायचा, तर तोही सगळीकडे पोचत नाही. म्हणूनच तशाच तारेच्या दाब स्प्रिंगपेक्षा ताण स्प्रिंगवर कमी भार धरावा लागतो. शिवाय तिला स्वतःची हद्द नाही. दाब स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की ती थांबते, पण ताण स्प्रिंग ओढत राहिले तर कायमची ताणून बसते.

सांगली जिल्ह्यात विट्याच्या यंत्रमागांवर अशा स्प्रिंगा दिवसरात्र राबतात. धोट्याला फटका मारणारी काठी मागे आणायला ताण स्प्रिंग असते, आणि डॉबी (कोणती चौकट कधी उचलायची ते ठरवणारी यंत्रणा) लावलेल्या मागावर ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटी खाली खेचायलाही. इथे भार फार नसतो. फेऱ्या मात्र दिवसाला लाखाच्या घरात जातात, त्यामुळे स्प्रिंग थकून तुटते.

शेतातली कथा उलटी. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर या भागाची ओळख झाला. नांगर दगडाला अडला की बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. माण, खटाव, आटपाडी, जतच्या मुरमाड रानात नऊ फणी कल्टिव्हेटर चालवायचा, तर प्रत्येक फणाला सुटका हवी. स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरमध्ये फण बिजागरीवर बसवलेला असतो आणि त्यामागे आधीच ताणून ठेवलेल्या जाड स्प्रिंगांची जोडी असते. एरवी फण हलत नाही. दगड आला की स्प्रिंगा ताणल्या जाऊन तो मागे झुकतो, आणि दगड ओलांडला की आपोआप जागेवर येतो. तुटलेल्या स्प्रिंगचा आकडा गॅसने लाल करून पुन्हा वाकवण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो टाळावा. तापलेल्या जागी पोलाद नरम पडते आणि आकडा हळूहळू उघडत जातो.

ड्रॉबार स्प्रिंगची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. एका दाब स्प्रिंगच्या पोकळीतून केसांच्या आकड्यासारखे वाकवलेले दोन गज समोरासमोरून घालतात. प्रत्येक गजाची टोके पलीकडच्या शेवटच्या वेढ्याला धरून बसतात आणि त्याची गोल बाजू बाहेर राहते. दोन्ही बाजूंनी ओढले की आत धरलेली टोके जवळ येतात आणि स्प्रिंग दबते. वेढे टेकले की हालचाल संपते, आणि पुढचा भार गज एखाद्या साखळीसारखे पेलतात. आतली स्प्रिंग तुटली तरी तुकडे गजांच्या कवेतच राहतात, ओझे सुटत नाही. रेल्वेच्या जुन्या मालडब्यांच्या ड्रॉ-हूकमागेही, म्हणजे डबे जोडायच्या आकड्यामागेही, ओढ्याचा दाब करण्याचे हेच तत्त्व होते. ट्रॅक्टरचा ड्रॉबार मात्र ट्रॉली जोडायचा दांडा आहे, त्याच्याशी या स्प्रिंगचा संबंध नावापुरताच.

तिचे तोटेही आहेत. ती जड, लांब आणि महाग असते, गज वेढ्यांना घासतात, आणि आरंभताण तिला आपसूक मिळत नाही. विट्याच्या मागावर ती बसवण्यात अर्थ नाही. ओझ्याखाली माणूस असेल तिथे मात्र दुसरी निवडच करू नये, असे या लेखकाचे ठाम मत आहे. साताऱ्या-सांगलीच्या वाड्यांत सोप्यावरचा झोपाळा कड्यांवर टांगलेला असे, त्यात स्प्रिंग नव्हती. आता टांगत्या खुर्चीला आणि बाळाच्या झोळीला स्प्रिंग लावतात, आणि ती बहुतेक वेळा उघडी ताण स्प्रिंग असते. तिचा आकडा तुटला तर खाली काहीच धरत नाही. तीच वापरायची असेल, तर वेढ्यांच्या पोकळीतून एक पक्की साखळी किंवा दोर सैलसर ओवून दोन्ही टोकांना वेगळा बांधावा.

ड्रॉबार स्प्रिंग घेताना आतल्या स्प्रिंगइतकेच गजांकडे पाहावे, कारण शेवटी भार त्यांच्यावरच येतो. गजाची जाडी, वळणातला तडा, टोके वेढ्यावर पूर्ण बसली आहेत का, हे हाताने चाचपून कळते. आतली स्प्रिंग तुटल्याची खूण बाहेरून दिसते: झोपाळा एका बाजूला बोटभर खाली बसतो आणि झोका घेताना कट्‌कट्‌ असा आवाज येतो. त्याच दिवशी तो उतरवावा.