वल्हं मारलं की पेटणारी खाडी

अमावस्येची रात्र. होडीत शेजारी बसलेल्या माणसाचा चेहराही दिसत नाही. कोणीतरी वल्हं पाण्यात घालतं आणि त्याच्याभोवती निळसर उजेड भसकन उसळून विझतो. वल्हं वर काढलं की त्यावरून ओघळणारे थेंब पाण्यावर टपटपतात, आणि जिथे थेंब पडेल तिथे एकेक ठिणगी. होडीखालून मासा पळाला तर पाटीवर खडूने रेघ ओढावी तशी निळी रेघ उमटते आणि तितक्याच पटकन पुसलीही जाते.

हा सगळा प्रकार घडतो कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको या अमेरिकी बेटाच्या पूर्वेला असलेल्या व्हिएकेस नावाच्या बेटावर. बेट सुमारे 34 किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मॉस्किटो बे आहे, म्हणजे शब्दशः डासांची खाडी. तिथे सगळे नुसतं ‘बायो बे’ म्हणतात. जगातली सर्वांत तेजस्वी जीवदीप्त, म्हणजे सजीवांच्या उजेडाने चमकणारी, खाडी म्हणून गिनीजच्या नोंदीत तिचं नाव आहे. कॅरिबियनच्या जाहिरातीत दिसणारी पांढरी वाळू आणि नारळपाणी आपल्याला कोकणात, गोव्यातही मिळतं. ही खाडी मात्र मिळत नाही. का मिळत नाही, हेच मला जास्त रंजक वाटतं.

आधी उजेड कुणाचा ते पाहू. पायरोडिनियम बहामेन्स हा एकपेशीय जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. नावाची फोड केली तर ‘बहामातला गिरक्या घेणारा अग्नी’ असं काहीसं होतं, कारण त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1906 मध्ये बहामाच्या नासाऊ इथल्या एका तळ्यातून झाली. दोन बारीक शेपट्यांच्या जोरावर तो गोल फिरत पुढे सरकतो. मॉस्किटो बेमध्ये एका गॅलन पाण्यात, म्हणजे पावणेचार लिटरमध्ये, यांची संख्या 7 लाखांच्या घरात जाते. ओंजळभर पाणी घेतलं तरी त्यात हजारो.

दिवसा हा जीव झाडासारखा वागतो, उन्हावर अन्न तयार करतो. रात्री त्याला धक्का लागला की पेशीतल्या आम्लयुक्त पोकळीतून हायड्रोजनचे आयन सुटतात आणि शेजारच्या अतिसूक्ष्म पुड्यांमध्ये शिरतात. तिथली आम्लता वाढली की ल्युसिफेरिन हे द्रव्य मोकळं होतं, ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवतं आणि निळा प्रकाश बाहेर पडतो. धक्क्यापासून विझेपर्यंतचा हा खेळ साधारण दशांश सेकंदाचा. काजव्याकडेही ल्युसिफेरिन असतं, पण ते रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळं. पायरोडिनियमच्या जातकुळीतल्या जीवांचं ल्युसिफेरिन हरितद्रव्याच्या घराण्यातलं आहे. दिवसा ऊन पकडणारा रेणू आणि रात्री उजेड देणारा रेणू, दोघे भाऊबंद!

भर दुपारी हे पाणी बाटलीत भरून अंधाऱ्या खोलीत नेलं तरी ते फारसं चमकत नाही. पेशीत घड्याळ असतं आणि ते बाहेरच्या अंधाराला विचारत बसत नाही.

हा खर्च हा जीव करतो कशासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही. एक उत्तर असं, की त्याला खायला आलेला कोपेपॉड हा झिंग्याचा बारीकसा नातलग अचानक झालेल्या लखलखाटाने दचकतो. दुसरं उत्तर जास्त धूर्त आहे: उजेडामुळे कोपेपॉडच उघडा पडतो आणि त्याला खाणाऱ्या माशाला आयता सापडतो. चोर घरात शिरला की बोंब ठोकायची, बाकीचं शेजारी बघतील. वल्हं मारताना आपण जे ‘अहाहा’ करून बघतो, ती मुळात एकपेशीय जीवांची बोंबाबोंब असते.

आता मूळ प्रश्न. असे चमकणारे जीव जगभर आहेत. 2020 च्या हिवाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर निळ्या लाटा दिसल्या आणि लोक गाड्या काढून रात्री समुद्रावर गेले, ते अनेकांना आठवत असेल. तो नॉक्टिल्युका, पायरोडिनियमपेक्षा बराच मोठा. पण तो पाहुणा. येतो, चार दिवस झळकतो, जातो. व्हिएकेसला मात्र वर्षभर मुक्काम. फरक जिवात आहे त्याहून जास्त भांड्यात आहे.

मॉस्किटो बेचं तोंड अरुंद आणि वाकडं, पाणी उथळ. त्यात कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, कधी त्याहूनही कमी. आपल्याकडे मुंबईला मोठ्या भरतीला चार मीटरहून जास्त पाणी चढतं. आपल्या खाड्या रोज दोनदा घासूनपुसून निघतात, तर ही खाडी स्वतःचं पाणी सांभाळून बसते. कडेने तिवरांचं रान. त्यांची पानं गळून पाण्यात कुजतात, जिवाणू त्यातून पोषकद्रव्यं आणि बी-12 जीवनसत्त्व मोकळं करतात, आणि ही रसद बाहेर वाहून जात नाही. तिथले वाटाडे एक दंतकथा सांगतात: जुन्या स्पॅनिश लोकांना हा उजेड म्हणजे सैतानाची करणी वाटली, त्यांनी खाडीच्या तोंडाशी दगड टाकले, आणि पाणी अडल्यामुळे उजेड उलट वाढला. खरंखोटं असो, पण दंतकथेतलं जलशास्त्र अगदी बरोबर आहे.

अंधाराचाही वाटा मोठा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून बेटाचा बराच भाग अमेरिकी नौदलाच्या ताब्यात होता आणि तिथे बाँबफेकीचा सराव चाले. लोकांनी मोठं आंदोलन केलं, आणि 2003 मध्ये नौदल गेलं. त्या वर्षांनी बेटाचं जे नुकसान केलं ते केलंच, पण किनाऱ्यावर झगमगती हॉटेलं मात्र उभी राहिली नाहीत.

भांडं हलवलं की काय होतं ते 20 सप्टेंबर 2017 ला कळलं. मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं. तुफान पावसाने खाडीत गोडं पाणी ओतलं, वाऱ्याने तिवरं ओरबाडली, आणि खाडी विझली. पुढचे काही महिने तिथे पर्यटक नेणं बंद होतं. 2018 मध्ये उजेड परतला. त्या काळात माणसांची वर्दळ थांबली होती, हेही पथ्यावर पडलं असावं असं मला वाटतं.

या खाडीत पोहायलाही बंदी आहे. अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं या जिवांना मानवत नाहीत. आता डासांच्याच खाडीत मलम लावायचं नाही म्हणजे काय करायचं? पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. होड्याही धूर सोडणाऱ्या नाहीत, वल्ह्याच्या कयाक, काहींचा तळ पारदर्शक.

प्वेर्तो रिको अमेरिकेचाच भाग असल्यामुळे इथून जाणाऱ्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना मात्र तो देशांतर्गत विमानप्रवास. पुढे व्हिएकेसपर्यंत फेरी किंवा छोटं विमान. तिकीट काढण्याआधी कालनिर्णयात अमावस्या बघा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चंद्राच्या उजेडात खाडी फिकी दिसेल आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतील.

फोटोंवरही फार विसंबू नका. ते गडद निळे फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले असतात. प्रत्यक्षात उजेड मंद असतो, आणि तो नीट दिसायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं अंधारात मुरावं लागतं. एकाने जरी मोबाईलचा पडदा लावला तरी अख्ख्या होडीचे डोळे पुन्हा शून्यावर येतात. अशा माणसाला तिथे मोठ्या आवाजात झापायला हरकत नाही, खाडीतले बाकीचे रहिवासीही तेच करत असतात.